फळझाडाचं साठवलेलं बी उगवत नाही? पिशवी भरण्याआधी हे तपासा

खाली लिहिलेल्यांपैकी एखादी तक्रार तुमची असेल तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे.

फणसाच्या आठळ्या मे महिन्यात धुऊन वाळवल्या, जुलैत पिशव्यांत लावल्या आणि महिना उलटला तरी कोंब नाही. उकरून पाहिलं तर आठळी आतून करडी, किंवा बोटाने दाबली की लिबलिबीत.

आंब्याच्या कोयी गच्चीवर छान वाळल्या, पण हातात घेऊन हलवल्या की आतला गर खुळखुळ वाजतो.

पपईचं बी काढल्यावर लगेच पेरलं तेव्हा दाट उगवलं. त्याच पुडीतलं उरलेलं सात-आठ महिन्यांनी पेरलं तर दहात एखादंच वर आलं.

पेरूच्या किंवा सीताफळाच्या बियांच्या बरणीला आतून दव धरलंय, झाकण उघडलं की कुबट वास येतो, बियांवर पांढरट-हिरवी बुरशी आहे.

जांभळाच्या बिया फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, त्या बाहेर काढल्यावर काळपट आणि मऊ झाल्या.

सीताफळाच्या बिया दीड महिना मातीत जशाच्या तशा पडून आहेत. कुजलेल्याही नाहीत, उगवलेल्याही नाहीत.

आणि शेवटची, जिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही ती तक्रार: बी उगवतं, पण कोंब बारीक, वाकडा येतो आणि दोन पानांवर येऊन मान टाकतो.

नाशिकमध्ये रोपवाटिका सांभाळताना या तक्रारी दर पावसाळ्यात माझ्यासमोर येतात. येणारा माणूस आधी मातीला दोष देतो, मग पाण्याला, मग ज्याने बी दिलं त्याला. पेठकडचे एक काका आठळ्यांची पिशवी समोर ठेवून म्हणाले, "ताई, घरचं बी आहे, चांगलं खडखडीत वाळवून ठेवलंय, तरी असं का?" त्यांच्या प्रश्नातच उत्तर होतं. धान्याच्या बाबतीत आपल्या घरोघरी जे शहाणपण आहे, की वाळवा, राख लावा, कोरडं ठेवा, ते फणसाला लावलं की आठळी मरते. बी मातीत मरत नाही, बहुतेक वेळा ते मातीत जायच्या आधीच मेलेलं असतं. म्हणून तपासणी साठवणीपासून सुरू करायची, आणि जिला पैसा लागत नाही ती आधी.

पहिली तपासणी: फळ कोणतं?

याला काही खर्च नाही आणि अर्ध्याहून जास्त प्रकरणं इथेच सुटतात. फळझाडांच्या बिया साठवणीच्या दृष्टीने तीन तऱ्हेच्या असतात. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांनी बियांचे दोन गट मांडले आणि १९९० मध्ये कॉफीच्या बियांवरच्या कामातून मधला तिसरा गट पुढे आला. आपल्या कामापुरतं सांगते.

काही बिया झाडावरच, फळातच पक्व होऊन आतलं कामकाज जवळजवळ थांबवतात. त्या वाळवल्या तरी जिवंत राहतात, उलट जितक्या कोरड्या तितक्या जास्त टिकतात. पेरू, सीताफळ, बोर आणि चिंचोका यांत येतात. चिंचोका तर कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो.

दुसऱ्या तऱ्हेच्या बिया ओल्याच जन्मतात आणि ओल्याच राहायला हव्यात. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, लिची आणि ॲव्होकॅडो या गटात आहेत. या बिया झोपत नाहीत. फार पिकलेला कापा फणस फोडला तर कधी कधी गऱ्याच्या आतच आठळीला पांढरं मूळ फुटलेलं दिसतं, इतकी तिला घाई असते. तिच्या वजनाचा मोठा वाटा पाण्याचा असतो. ते पाणी एका मर्यादेखाली गेलं की आतल्या पेशींची रचना मोडते आणि ती परत जुळत नाही. नंतर कितीही भिजवा, आठळी फुगेल, पण ती फक्त पाणी पिऊन फुगलेली असते.

तिसरी तऱ्हा मधली. पपई यात धरतात. ती थोडी वाळवणं सोसते, पण अगदी कोरडी करून फ्रीझरमध्ये टाकली तर बिघडते. लिंबूवर्गीय बियाही वाळवण्याला नाजूक असतात. कलम ज्या रोपावर बांधतात त्या खुंटासाठी रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचं बी ठेवायचं तर ते धुऊन, वरचं पाणी टिपून, किंचित ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात.

तुमचं फळ दुसऱ्या गटातलं असेल आणि तुम्ही बी वाळवलं असेल, तर पुढच्या तपासण्या करण्यात वेळ घालवू नका. ताजं बी मिळवा.

दुसरी: फळातून बी कधी काढलं?

पुडीवर तारीख नसेल तर घरातल्यांना विचारा, आंबे कधी खाल्ले होते. साधी हवा लागणाऱ्या जागी आंब्याची कोय चार-पाच आठवड्यांत बहुधा संपते. जांभूळ त्याच्याही आधी जातं, पंधरा दिवसांच्या आत लावलेलं बरं. फणसाची आठळी काढली त्याच आठवड्यात लावावी.

निसर्गाने याची सोय करून ठेवली आहे. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यातला गावठी आंबा आणि जांभूळ हाती येतं तेव्हा पाऊस दारात असतो. फळ खाल्लं, कोय टाकली, चार सरी पडल्या की कोंब. तिथे साठवण हा प्रश्नच नसतो. तो उभा राहतो तो आपण एप्रिल-मेमध्ये कोकणातून आलेल्या हापूसच्या कोयी पावसापर्यंत राखायला जातो तेव्हा. माझं मत स्पष्ट आहे: पावसाची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात सावलीत, पिशवीत लावा आणि माठातलं गार पाणी घाला. रोप साठवणं हे बी साठवण्यापेक्षा सोपं आहे.

तिसरी: ठेवलं कुठे होतं?

माळ्यावर, पत्र्याखाली, गॅसच्या वरच्या फळीवर, गाडीच्या डिकीत, असं उत्तर आलं तर कारण सापडलं. नाशिकची हवा चांगली म्हणतो आपण, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो. वाळवून ठेवता येणाऱ्या बियांसाठी हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे: साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि बियांमधला ओलावा १ टक्क्याने कमी केला तरी तसंच. म्हणजे पेरूचं बी माळ्यावरून काढून घरातल्या सर्वात गार खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पण हा नियम आंबा-फणसाला लावू नका. उष्ण प्रदेशातल्या त्या बियांना थंडीही बाधते. फ्रीजमध्ये साधारण ४-५ अंश असतात, तेवढ्यात जांभूळ, फणस, आंबा आतून काळे पडायला लागतात. फ्रीझरमध्ये तर आतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये सुरू झालेलं जगाचं बियाणं-कोठार उणे १८ अंशांवर चालतं. तिथे लाखो नमुने आहेत, पण आपल्या फणसाच्या आठळीला तिथे जागा नाही, कारण ती तशी जगतच नाही.

फ्रीजबद्दल आणखी एक. पेरू-सीताफळाची बरणी फ्रीजमधून काढली की लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, चार-पाच तास तरी. पावसाळ्याच्या दमट हवेत गार बरणी उघडली की बियांवर दव धरतं, आणि वर ज्या कुबट वासाची तक्रार आहे ती इथूनच सुरू होते. फ्रीजच्या दाराचा कप्पाही टाळा, दार उघडलं की तिथलं तापमान सारखं वर-खाली होतं.

चौथी: दोन-चार बिया कापा

हे करायला लोक कचरतात, चार बिया वाया जातील म्हणतात. त्या चार बिया तुमचे दोन महिने वाचवतात.

आंब्याची कोय घ्या. फांद्या छाटायच्या कात्रीने तिच्या चपट्या कडेवरून, शिवणीसारखी रेघ असते तिथे, कवच हळूच कापत न्या आणि दोन बाजू उकला. आत तपकिरी पापुद्रा असतो, त्यात गर. जिवंत गर भरीव, सायीच्या रंगाचा, कधी हिरवट झाक असलेला, नखाने दाबला तर घट्ट लागतो. मेलेला गर आक्रसून कवचापासून सुटलेला असतो, म्हणून तो खुळखुळतो. कधी गराच्या जागी काळसर भुसा आणि बोगदा दिसतो. ते कोयीतल्या भुंग्याचं काम. भुंगा फुलोऱ्यानंतर कोवळ्या कैरीवर अंडी घालतो, अळी आत शिरते आणि फळ बाहेरून अगदी चांगलं दिसतं. त्यात साठवणीचा दोष नाही. अशा कोयी उकिरड्यावर न टाकता जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर भुंगा पुढच्या मोसमात परत बागेत येतो.

फणसाची आठळी आडवी कापली की पांढरी, पिठूळ, बोटाला ओलसर लागली पाहिजे. अंकुराच्या टोकाशी तपकिरी डाग पसरला असेल तर ती गेली. पपईच्या बीचं काळं कवच नखाने सोलून आत पांढरा गर आहे की रिकामं कवच, ते पाहायचं. पोकळ बी साठवणीने होत नाही, फळ कच्चं उतरवलं की होतं.

पाचवी: बी नीट धुतलं होतं का?

पपईच्या प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पारदर्शक पिशवी असते. तिच्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, फळाच्या आतच बी उगवू नये म्हणून. ती तशीच वाळवली तर बीला चिकटून बसते. चाळणीत घेऊन, राख किंवा जाडसर वाळू लावून, चोळून काढा आणि वाहत्या पाण्यात धुवा. आंब्याच्या कोयीचे धागे आणि जांभळाचा गरही असाच निघायला हवा. गोड गर राहिला की बुरशी आणि मुंग्या, दोन्ही येतात.

धुतानाच पाण्यात बुडणारं बी ठेवा, तरंगणारं काढा. पपईची ही परीक्षा मात्र ती पिशवी काढल्यावरच घ्यायची, आधी घेतली तर चांगलं बीही तरंगतं. बोराच्या बियांसाठी साधं पाणी पुरत नाही, १७-१८ टक्के मिठाच्या पाण्यात जे बुडतं तेच घ्यायचं आणि मग स्वच्छ धुवायचं.

सहावी: मेलंय की झोपलंय?

सीताफळाची तक्रार इथली. कवच कडक, पाणी आत शिरायला वेळ लागतो. बी कापून आत पांढरं आणि भरीव दिसलं तर धीर धरा. कोमट पाण्यात २४ तास भिजवून लावलं तरी महिना-सव्वा महिना लागतो. चिंचोक्याचं कवच एका कडेला खरखरीत दगडावर घासून आतला फिका रंग दिसला की थांबायचं आणि रात्रभर भिजत ठेवायचं. बोराची आठोळी सावकाश फोडून आतलं बी काढलं तर ते फार लवकर रुजतं, पण आतलं बी चेपलं तर काम गेलं.

थंडीही विसरू नका. पपईला रुजायला साधारण २५ ते ३० अंश लागतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटेचा पारा दहाच्याही खूप खाली जातो, त्या मातीत चांगलं बीही नुसतं बसून राहतं आणि ओलाव्याने कुजतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबा, नाहीतर पिशव्या भिंतीच्या आडोशाला, प्लॅस्टिकखाली ठेवा.

सातवी: मिठाची बाटली

ही फक्त वाळवून ठेवायच्या बियांसाठी. कढईत कोरडं भाजून गार केलेलं मीठ स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भरा, वर बाटली निम्मी भरेल इतक्या बिया घाला, झाकण लावून चांगलं हलवा आणि थोडा वेळ तसंच ठेवून पुन्हा हलवा. मीठ काचेला चिकटलं तर बियांत अजून साधारण १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे, बरणी बंद करू नका. मीठ मोकळं राहिलं तरी ते एवढंच सांगतं की बुरशीचा धोका कमी झाला. वर्षभर ठेवायचं तर त्याहून कोरडं हवं. चाचणीच्या बिया मात्र पेरून टाका, परत बरणीत घालू नका.

वाळवणं सावलीत, पंख्याखाली, सुती कापडावर पातळ पसरून. मेच्या उन्हात तापलेल्या फरशीवर नाही. इथे नाशिकच्या हवेचा आपल्याला फायदा आहे: सीताफळ, पेरू, बोर यांचा मोसम पाऊस ओसरल्यावरचा, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्याकडे हवा कोरडी असते. आठवड्या-दीड आठवड्यात बी छान वाळतं. त्याला आणखी कोरडं करायचं तर तेवढ्याच वजनाचे सिलिका जेलचे (ओलावा शोषणारे) खडे कापडी पुरचुंडीत बांधून घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवा. निळे खडे टाळा, त्यातला रंग विषारी असतो, नारिंगी घ्या. इगतपुरीकडे पावसात बी वाळवायची वेळ आली तर सिलिकाशिवाय पर्याय नाही, तिथे उघड्यावर बी वाळण्याऐवजी ओलं होतं.

आठवी: कागदातली चाचणी

मोठी पेरणी करण्याआधी ही कराच. पंचवीस बिया मोजून घ्या, पाण्यात भिजवून पिळलेल्या जाड टिश्यू कागदावर ओळीत मांडा, गुंडाळी करून सैल पिशवीत घाला आणि उबदार जागी ठेवा. पपईला दोन-तीन आठवडे द्या, पेरूला चार. दोन दिवसाआड उघडून पाहा, बुरशी धरलेल्या बिया काढा. मूळ आणि कोंब दोन्ही सरळ आलेलेच मोजायचे. नुसतं मूळ फुटून थांबलेलं, आखूड, गाठाळलेलं बी म्हाताऱ्या साठ्याची खूण आहे, दोन पानांवर मान टाकणारी रोपं यातूनच होतात. पंचवीसात बारा आले तर पिशवीत दोन-दोन बिया लावा. पाचच्या खाली आले तर तो साठा सोडून द्या. शक्य असेल तर शेजारी ताज्या फळातल्या बियांची गुंडाळीही ठेवा. दोन्ही उगवल्या नाहीत तर दोष तुमच्या ऊब-ओलाव्यात आहे. ताजी उगवली आणि जुनी नाही, तर साठवणीत.

नववी: ओल्या बियांची तात्पुरती सोय

सर्वात कटकटीचं काम, म्हणून शेवटी. आंबा, फणस, जांभूळ थोडे दिवस राखायचेच असतील, पावसासाठी किंवा परगावी पाठवण्यासाठी, तर हेतू बी साठवणं नसून त्याला मरू न देणं हा असतो. कोय-आठळी स्वच्छ धुवा, वरचं पाणी कापडाने टिपा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा साध्या लाकडाचा जुना भुसा ओला करून मुठीत घट्ट दाबा. थेंब पडला तर जास्त ओला, मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर कमी. प्लायवूडचा भुसा नको, त्यात रसायनं असतात. त्या मिश्रणात बिया एकमेकींना न लागतील अशा थरांत ठेवा, कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी थोडी ट्रायकोडर्मा पावडर मिसळा, पिशवीला चार-पाच भोकं पाडा, कारण या बिया श्वास घेतात आणि घट्ट बंद पिशवीत गुदमरतात.

जागा १५ ते २० अंशांची हवी. मे महिन्यात ती मिळत नाही, पण पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूजवळ किंवा न्हाणीघराच्या सावलीच्या कोपऱ्यात घरातला सगळ्यात गारवा असतो. आठवड्यातून दोनदा उघडून पाहा. मूळ फुटलेली दिसली तर ती साठवण संपली, त्याच दिवशी पिशवीत लावा. यातून तीन-चार आठवडे मिळतात. त्याहून जास्त आशा धरू नका.

कुठे थांबायचं, कोणाकडे जायचं

वाळून खुळखुळणारी कोय, आतून तपकिरी आठळी, फ्रीझरमधून निघालेलं जांभूळ यांच्यावर जिबरेलिक ॲसिडसारखं उगवण वाढवणारं संजीवक, गरम पाणी असलं काही करत बसू नका. झोपलेलं बी जागं करता येतं, मेलेलं नाही.

आवडत्या फळाची चव तशीच हवी म्हणून बी राखत असाल तर कलम आणा. हापूस, केशर बियांपासून तसेच येतीलच याची खात्री नसते, आणि संकरित पपईच्या फळातलं बी पुढच्या पिढीत फुटून वेगवेगळं येतं. बी ठेवायचं ते खुंटासाठी, गावठी झाडासाठी.

खुंटासाठी पोत्याने बी विकत घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी नमुना तपासून घ्या. बीज परीक्षण प्रयोगशाळेत बी उभं कापून टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवतात, जिवंत भाग काही तासांत लाल होतो. महिनाभर वाट पाहावी लागत नाही. फळझाडांचं बी तिथे घेतात का, हे आधी तालुका कृषी कार्यालयात विचारून जा. बहुतेक कोयींत भुंगा निघाला, किंवा एकामागून एक साठा त्याच बुरशीने गेला, तर घरगुती उपाय थांबवा. गंगापूर रोडच्या पुढे मुक्त विद्यापीठाच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे नमुना दाखवा. बुरशीनाशकाच्या मात्रा स्वतः ठरवू नका, आणि रंगीत औषध लावलेलं बी मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलं तर पाकीट सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

तुमच्या बांधावर एखादं जुनं, वेगळ्या चवीचं आंब्याचं किंवा जांभळाचं झाड असेल आणि ते जपायचं असेल, तर बियांच्या बरणीवर विसंबू नका. ओल्या बियांचा अंकुर वेगळा काढून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्याचं तंत्र आहे, पण ते दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोसारख्या संस्थेचं काम. आपल्या हातात कलम बांधून घेणं आहे. चांगला कलमकार बोलवा, जून ते ऑगस्टमध्ये कोवळ्या रोपावर कोय-कलम करून घ्या आणि दोन-तीन वेगळ्या जागी लावा.

केंद्रात जाताना कापलेल्या आणि न कापलेल्या अशा दोन्ही बिया वेगळ्या कागदी पुड्यांत न्या. पुडीवर फळाचं नाव, बी काढल्याची तारीख, कसं वाळवलं आणि कुठे ठेवलं हे लिहा. ओल्या बिया मात्र कागदात नको, ओलसर कोकोपीटमध्येच न्या, नाहीतर रस्त्यातच सुकतील आणि तपासणाऱ्याला चुकीचं कारण दिसेल.